संदेष्ट्यांची थडगी आणि जिवंत नाटककार

दरवर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत एक मंगल सोहळा होतो. १८४३ साली याच दिवशी विष्णुदास भावे यांनी श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्यासमोर ‘सीतास्वयंवर’ सादर केले, आणि म्हणूनच हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी रंगदेवतेचे पूजन होते, नारळ वाढविला जातो, विष्णुदासांच्या नावाचे गौरवपदक एखाद्या ज्येष्ठ कलावंताला अर्पण केले जाते. भाषणे होतात आणि ‘नाट्यपंढरी’ हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला जातो. या सोहळ्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. पूर्वसूरींचे ऋण मानणे हा सद्गुणच आहे. माझी तक्रार आहे ती ६ नोव्हेंबरविषयी.

उत्सव आटोपल्यानंतरच्या अशाच एका संध्याकाळी हौशी नाट्यस्पर्धेच्या एका केंद्रावर मी एका नव्या लेखकाचे नवे नाटक पाहावयास गेलो होतो. १९५४ पासून चालत आलेल्या या राज्य नाट्यस्पर्धेने महाराष्ट्राला किती नट, किती दिग्दर्शक आणि किती नाटककार दिले, हे येथे सांगावयास नको. पडदा उघडला तेव्हा प्रेक्षागृहात परीक्षक होते, कलावंतांचे नातलग होते आणि दुसऱ्या दिवशी ज्यांचा प्रयोग होता त्या संघातील चारदोन मुले होती. बाकीच्या रांगा रिकाम्या होत्या. नाटक निर्दोष नव्हते; पण त्यातला एक प्रवेश असा होता की घरी परतताना मला वाटेत थांबावेसे वाटले. प्रयोगानंतर मी लेखकाला विचारले, “पुढचा प्रयोग कधी?” तो हसला. पुढचा प्रयोग नव्हताच. काही महिन्यांची तालीम आणि पदरचे पैसे दोन तासांत संपले होते. तीन दिवसांपूर्वी मराठी रंगभूमीच्या दीर्घायुष्यासाठी टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी मला तेथे कोणीही दिसले नाही.

आपण ख्रिस्ती वाचक आहोत. मत्तयलिखित शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय आपण मिस्सेत कितीदा तरी ऐकला आहे. संदेष्ट्यांची थडगी बांधणाऱ्या आणि ती सजविणाऱ्या धर्मपंडितांवर प्रभू येशूने तेथे किती कठोर शब्दांत आसूड ओढले आहेत! आम्ही वाडवडिलांच्या काळी असतो तर त्यांच्यासारखे वागलो नसतो, अशी त्या पंडितांची खात्री होती. आणि ही खात्री बाळगणाऱ्यांच्या दारात जिवंत संदेष्टा उभा होता. नाटककार म्हणजे संदेष्टा नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही आपल्या नाट्यप्रेमाला हा दाखला तंतोतंत लागू पडतो. आपण मेलेल्या नाटककारांची थडगी सजवितो आणि जिवंत नाटककाराला रिकाम्या खुर्च्या देतो.

ज्यांच्या तसबिरींना आपण हार घालतो, ती माणसे आपापल्या काळी कोण होती, हे एकदा आठवून पाहावे. विष्णुदासांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले तेव्हा ते पंचविशीच्या आतबाहेरचे तरुण होते. कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे खेळ पाहून तसे काही मराठीत करावे, ही महाराजांची इच्छा. पण मराठीत गिरवायला कित्ता कोठे होता? सूत्रधाराने पदे म्हणावीत आणि पात्रांनी आयत्या वेळी भाषणे करावीत, ही रीत त्यांना स्वतःच बसवावी लागली. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि आश्रय तुटला. मग हा माणूस मंडळी घेऊन गावोगाव हिंडला आणि १८५३ मध्ये मुंबईत जाऊन त्याने तिकीट लावून खेळ केले. तिकीट काढणाऱ्या अनोळखी माणसांनी त्याला तारले. आपण आज ज्याला परंपरा म्हणतो, ती त्या दिवशी एक धाडसी नवी गोष्ट होती.

सांगलीपासून जवळच, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म तेथला, १८५५ चा. ‘शारदा’ हे नाटक त्यांनी तेथल्या पारावर बसून लिहिले असे सांगतात. १८९९ मध्ये ते रंगभूमीवर आले तेव्हा देवल चाळिशीतले होते आणि ज्या चालीरीतींवर त्यांनी बोट ठेवले होते त्या चालीरीती प्रेक्षागृहात पागोटी घालून बसलेल्या होत्या. म्हाताऱ्या भुजंगनाथाला कोवळी मुलगी देऊ करणारा कांचनभट हा कोणा पुराणातला राक्षस नव्हता. तो शेजारच्या वाड्यात राहत होता. आज आपण ‘शारदा’ची पदे डोळे मिटून ऐकतो. त्या काळी ते नाटक डोळे उघडे ठेवून पाहावे लागत होते. सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ रंगमंचावर आणले तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती. त्या कीचकात लॉर्ड कर्झन दडलेला आहे हे प्रेक्षकांनी ओळखले, सरकारनेही ओळखले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. ‘समकालीन नाटक’ म्हणजे आणखी काय असते?

साताऱ्याची कथा याहून बोलकी आहे. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव. १८५५ मध्ये त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले. शंभर वर्षांहून अधिक काळ ते छापलेदेखील गेले नाही. आपल्या वाचकांनी हे नाटक मुद्दाम वाचावे, कारण जोशाच्या नादी लागून नागवल्या जाणाऱ्या कुणबी जोडप्याशी बोलणारा एक पाद्रीही त्यात आहे. मराठीतील एका आद्य सामाजिक नाटकात ख्रिस्ती धर्मोपदेशक हे पात्र बोलत होते आणि त्याचा शब्द ऐकू येण्यास शतक उलटावे लागले! एका समितीच्या नकाराने केवढे मौन पसरते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात नाताळच्या कार्यक्रमासाठी एका तरुणाने स्वतः लिहिलेली एकांकिका आणली. तीत बेथलेहेम नव्हते. ऊसतोडणीच्या हंगामात साखर कारखान्याजवळच्या एका खोपीत अडलेली एक बाई होती आणि तिला रात्रीपुरता आसरा मागत दारोदार हिंडणारा तिचा नवरा होता. दार लावून घेणाऱ्यांमध्ये एक नियमित चर्चला जाणारे सज्जन कुटुंबही होते. त्यांच्या खिडकीत नाताळचा तारा लावलेला होता. कार्यक्रम समितीत चर्चा झाली. सणासुदीला हे कशाला, लोक दुखावतील, मुलांना काय कळणार, आणि यातून संदेश तरी काय मिळतो, असे प्रश्न निघाले. अखेर नेहमीचाच गोठ्याचा देखावा झाला. कापसाच्या दाढ्या लावलेले मेंढपाळ आले, चकचकीत कागदाचे मुकुट घातलेले तीन राजे आले, टाळ्या झाल्या. धर्मशाळेत ज्यांना जागा मिळाली नाही त्यांची कथा आम्ही सांगितली, आणि ती सांगण्यासाठी त्या तरुणाला जागा नाकारली. त्या समितीत मी होतो. मी विरोध केला नाही. त्याने पुन्हा काही लिहून आणले नाही.

म्हणून पुढील आक्षेपांना मी जे उत्तर देणार आहे, ते दुसऱ्या कोणाला देण्याआधी स्वतःला देत आहे.

पहिला आक्षेप असा की, आता पूर्वीसारखी नाटके होत नाहीत. हे बोलणाऱ्याला मी नम्रपणे विचारतो, गेल्या दहा वर्षांत आपण किती नवी नाटके पाहिली? किती वाचली? जयंत पवार यांचे ‘अधांतर’ १९९७ मध्ये आले. १९८२ च्या संपानंतर मोडून पडलेल्या गिरणी कामगाराच्या एका घराची ती कथा आहे. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक टोळीच्या वाटेला लागतो, आणि आई घर सावरू पाहते. सातारा जिल्ह्याच्या गावागावांतून माणसे गिरणीत गेली होती. त्यांच्या मनीऑर्डरींवर येथली घरे चालली. मग हे नाटक मुंबईचे म्हणून कसे सोडून देता येईल? जयंत पवार २०२१ मध्ये गेले. आता त्यांच्या नावानेही सभा होतील, आणि त्या व्हाव्यातच. पण ‘अधांतर’चे पुस्तक आपल्यापैकी किती घरांत आहे?

नाशिकच्या दत्ता पाटील यांचे ‘हंडाभर चांदण्या’ घ्या. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारे गाव हा त्याचा विषय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी गेले, तेव्हा आपण ती गाडी पाहावयास गेलो होतो. त्याच जिल्ह्यातील जत आणि आटपाडी, शेजारचे माण आणि खटाव, येथल्या बायका हंडा घेऊन उभ्या राहण्यात कोणाला हार जाणाऱ्या नाहीत. नाटक आपल्या अंगणातले आहे. आपणच अंगणात नाही. जालना जिल्ह्यातील शेतकरी लेखक राजकुमार तांगडे यांनी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ लिहिले, २०१२ मध्ये ते रंगमंचावर आले, आणि शेतात राबणाऱ्या तरुणांनी ते महाराष्ट्रभर खेळून दाखविले. पूर्वीसारखी नाटके होत नाहीत, हे खरेच आहे. पूर्वी शेतकऱ्याचा मुलगा स्वतःचे नाटक घेऊन शहराच्या प्रेक्षागृहात येत नव्हता.

दुसरा आक्षेप आपल्या समाजाचा खास आहे. नवी नाटके काळोखी असतात, भाषा शिवराळ असते, श्रद्धेला धक्का बसतो. या आक्षेपामागे एक जुना इतिहास आहे आणि तो आपल्याला भूषणावह नाही. १६७३ मध्ये मोलिएर वारला तेव्हा नटाचा धंदा केला म्हणून त्याला ख्रिस्ती दफन नाकारले गेले. राजाने मध्यस्थी केल्यावर रात्रीच्या अंधारात त्याला पुरावे लागले. १९८६ मध्ये केरळात पी. एम. अँटनी यांचे येशूच्या जीवनावरील नाटक ख्रिस्ती समाजाच्या विरोधामुळे बंद पडले. आपल्या श्रद्धास्थानाविषयी आपण हळवे असावे, यात गैर काही नाही. पण निषेध करणाऱ्यांपैकी किती जणांनी ती संहिता वाचली होती, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. न पाहिलेल्या नाटकाविषयी मत बनविण्याची सवय एकदा लागली की ती कोणत्याही नाटकापाशी थांबत नाही.

आणि याच ख्रिस्तसभेने एका नाटककाराला संत पेत्राच्या आसनावर बसविले, हे आपण कसे विसरतो? १९४१ मध्ये नाझींच्या ताब्यातील क्राकोव्ह शहरात काही तरुण एकमेकांच्या घरी, पडद्याआड, जिवावर उदार होऊन नाटके करीत होते. पोलिश भाषेतील नाटक करणे हाच तेव्हा गुन्हा होता. त्या मंडळींत करोल वोय्तिवा होते, पुढे जगाने पोप दुसरे जॉन पॉल म्हणून ओळखलेले. त्यांनी नाटके लिहिली. १९६० मध्ये, स्वतः बिशप असताना, विवाहावरील त्यांचे एक नाटक टोपणनावाने छापले गेले. १९९९ मध्ये त्यांनी कलावंतांना उद्देशून एक पत्र लिहिले. कलावंत जेव्हा मानवी आत्म्याच्या अंधाऱ्या तळाशी उतरतो, दुष्टाव्याचे अस्वस्थ करणारे रूप दाखवितो, तेव्हाही तो एका अर्थी तारणाचीच आस बोलून दाखवीत असतो, असा विचार त्यांनी त्यात मांडला आहे. ज्या माणसाने भूमिगत रंगभूमीवर काम केले होते त्याचे हे मत आहे, कोणा उथळ पुरोगाम्याचे नव्हे.

तिसरा आक्षेप वरवर निरुपद्रवी आणि म्हणून सर्वांत घातक: यातून संदेश काय मिळतो? माझ्या समितीने हाच प्रश्न विचारला होता. उधळ्या पुत्राची बोधकथा आठवा. धाकटा परत आला, मेजवानी सुरू झाली, थोरला रागाने बाहेर उभा राहिला आणि बाप त्याची समजूत काढण्यास बाहेर आला. पुढे? थोरला आत गेला की नाही? प्रभूने ते सांगितलेच नाही. तो प्रश्न ऐकणाऱ्यांच्या पदरात टाकून त्याने कथा संपविली. आपल्या समितीपुढे ही कथा आली असती तर “शेवट स्पष्ट करावा” असा शेरा मारून आपण ती परत केली असती! चांगले नवे नाटक असेच आपल्याला दारात उभे करते. गो. पु. देशपांडे यांचे बालपण सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. त्यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ १९७४ मध्ये आले आणि त्यातील प्राध्यापक उभा केला तो साताऱ्यात जन्मलेल्या डॉ. श्रीराम लागू यांनी. या नाटकात एका प्राध्यापकाची त्याच्या निष्ठांबद्दल चौकशी चालते; लेखक डाव्या विचाराचा, आपण श्रद्धावंत. पण आपल्या निष्ठेची किंमत मोजताना माणूस कोठे खरा राहतो आणि कोठे मोडतो, हा प्रश्न कोणा एका पक्षाचा आहे काय? डॉ. लागूंनीच पुढे प्रेमानंद गज्वी यांचे ‘किरवंत’ रंगमंचावर आणले. अंत्यविधी करतो म्हणून स्वजातीतच अस्पृश्य ठरलेल्या ब्राह्मणाचे दुःख एका दलित नाटककाराने लिहिले. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याचा आणखी कोणता संदेश आपल्याला हवा होता?

चौथा आक्षेप: सातारा-सांगलीत आपण मूठभर, आपल्या जाण्या-न जाण्याने काय होणार? मराठी ख्रिस्ती माणसाने तरी हे बोलू नये. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापून घेतले तेव्हा ते संख्या मोजत बसले नव्हते; परक्या देशातून आलेल्या त्या धर्मगुरूने ओवी आपलीशी केली. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये साताऱ्यास आले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ भरविला. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण ख्रिस्ताची कथा अभंग-कीर्तनाच्या वाणीने सांगण्याची त्यांची ओढ आपण सर्वांनीच पुढे नेली. नव्या रूपाला घाबरून राहिले असते तर आज आपल्या मिस्सेतही मराठी भजन ऐकू आले नसते. आणि मूठभरांचेच म्हणाल, तर त्या रिकाम्या प्रेक्षागृहात वीस माणसे वाढली असती तर लेखकाला दुसरा प्रयोग करण्याची उमेद मिळाली असती.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. नवे ते सर्व चांगले, असे मी म्हणत नाही. परीक्षकांना काय आवडते हे हेरून लिहिलेली नाटके मी पाहिली आहेत. कळू नये म्हणूनच लिहिलेली पाहिली आहेत. दारिद्र्याचा देखावा मांडून टाळ्या घेणारीही पाहिली आहेत. अशा नाटककाराचा कान धरावा. पण कान धरायला तो माणूस हाताशी हवा, म्हणजेच आपण तेथे हवे. आस्वाद म्हणजे स्तुती नव्हे. देवलांना जसा ‘शारदा’ पाहून अस्वस्थ झालेला प्रेक्षक मिळाला, तसा प्रेक्षक आजच्या लेखकाला मिळावा, एवढाच त्याचा अर्थ. जुन्याशी तुलना जरूर करावी, पण ‘शारदा’च्या पन्नासाव्या प्रयोगाशी आजच्या पहिल्या प्रयोगाची नव्हे.

तेव्हा करावयाचे काय? फार काही नाही. प्रत्येक धर्मग्रामाने वर्षातून एक संध्याकाळ एका हयात नाटककाराच्या संहितेच्या वाचनाला द्यावी; त्याला सभागृह पुरते, नेपथ्य लागत नाही. स्पर्धेच्या दिवसांत पाच-सात जणांनी मिळून एका नव्या नाटकाला जावे आणि प्रयोगानंतर लेखकाशी बोलल्याशिवाय परतू नये. या त्रैमासिकाने वर्षातून एक तरी नवी एकांकिका छापावी. आणि नाताळच्या समित्यांनी गोठ्याच्या देखाव्याबरोबर आपल्याच तरुणांचे एक नवे लिखाण दरवर्षी उभे करावे, ते बोचरे असले तरी. बोचरे असेल तर अधिकच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेने सांगलीची घरे बुडविली. कोणी कोणाला दार उघडले आणि कोणी नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यावर कोणी नाटक लिहून आणले तर आपण ते करू देणार आहोत का?

हा लेख लिहावयास घेतला तेव्हा मी त्या तरुणाचा शोध घेतला. तो आता तरुण राहिलेला नाही. परगावी नोकरी करतो, दोन मुलांचा बाप आहे. मी त्याच्याकडे ती एकांकिका मागितली. ती वही कधीच गहाळ झाली, असे तो म्हणाला. पुन्हा लिहिता येईल का, असे मी विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “लिहिता येईल. पण यावेळी प्रयोग होणार का, तेवढे आधी सांगा.”

त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही. ते एकट्याने देण्यासारखे नाही.